पुढची मुंगी थांबते

या, बसा. चटई इकडे ओढा आणि पंखा एकवर करा. खालून लूम्सची खडखड, वरून पंख्याची घरघर, यात म्हाताऱ्याचा आवाज कुठे ऐकू येणार? आज ३१ ऑगस्ट. या तारखेला मी एका बाईंची गोष्ट सांगतो, हे तुमच्यातल्या थोरल्यांना माहीत आहे. बाई १९७३ साली याच दिवशी गेल्या. पण सुरुवात बाईंपासून करायची नाही. आधी मुंगी.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे दगडांच्या फटींत एक मुंगी राहते. टेम्नोथोरॅक्स तिचं नाव. नाव लांबलचक आणि बाईसाहेब जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या. आपल्या ओट्यावरच्या मुंग्या कशा जातात? रांगेनं. पहिलीनं जमिनीवर वासाचा माग सोडलेला असतो, बाकीच्या तो हुंगत साखरेपर्यंत पोचतात. कुणी कुणाला काही समजावत नाही. या टेम्नोथोरॅक्सचं कुटुंब मात्र लहान, शे-दोनशे जणींचं. एवढ्यात कसली रांग लावणार? म्हणून जिला खाणं सापडतं ती घरी येते आणि एकीला, फक्त एकीलाच, सोबत घेऊन निघते.

कशी निघते ते ऐका. मागची मुंगी आपल्या मिशांनी पुढचीच्या पायांवर, पोटावर टकटक करत राहते. टकटक चालू आहे तोवर पुढची चालते. टकटक थांबली की पुढचीही जागीच थांबते. मागचीला वाटेत थांबावंच लागतं, कारण ती गोल फिरून आजूबाजूचं बघत असते. हा खडा, तो कोपरा, ही फट. परत एकटीनं यायचं तर खुणा लक्षात ठेवायला नकोत? पुढची उभी राहते. मागची आली, टकटक झाली, की निघाल्या दोघी पुढे.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या नायजेल फ्रँक्स आणि टॉम रिचर्डसन या दोघांनी या जोड्यांचं चित्रण करून घड्याळ लावून मोजलं आणि २००६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापलं. पुढची मुंगी एकटी गेली असती तर साधारण चौपट वेगानं पोचली असती. म्हणजे मागचीसाठी तिनं आपला बराच वेळ घालवला. आणि मागचीला? तिला एकटीनं शोधायला लागला असता त्यापेक्षा बऱ्याच कमी वेळात खाणं मिळालं. वर वाट पाठ झाली ती वेगळीच. पुढच्या खेपेला तीच दुसरीला घेऊन निघू शकते.

काय गं? उचलून का नेत नाही? शाबास. हाच प्रश्न यायला हवा होता.

उचलूनही नेते. घर बदलायचं असेल तर या मुंग्या एकमेकींना उचलून नेतात आणि ते काम जोडीनं चालण्यापेक्षा तिप्पट वेगानं होतं. पण उचललेल्या मुंगीचं तोंड मागे असतं, अंग उलटं असतं. ती नव्या घरी पोचते खरी, वाट मात्र तिला कळलेली नसते. पुढे तिला एकटीला सोडलं तर ती तितकीच अडाणी. आता हे डोक्यात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट या दोन मुंग्यांची आहे. एक उचलून नेते, एक थांबत थांबत सोबत चालते.

आपल्या देशातही अशी मुंगी आहे. डायकामा तिचं नाव, अंगानं चांगली मोठी, काळी. तिचं बिऱ्हाड हलतं तेव्हा एकेक जण दुसरीला मागे घेऊन नव्या घरी पोचवते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत यावर बरंच काम झालं आहे. बागेत दोन मोठ्या काळ्या मुंग्या एकीमागे एक, जवळजवळ चिकटून, अडखळत जाताना दिसल्या तर पाय आपटू नका. तिथे शाळा भरलेली असू शकते.

शाळा हा शब्द मी उगाच वापरत नाही. प्राण्यांच्या बाबतीत ‘शिकवतो’ असं म्हणायला शास्त्रज्ञ फार चिकट. मांजरीच्या मागे पिल्लू गेलं आणि बघून शिकलं, तर ते शिकणं झालं, शिकवणं नाही. १९९२ साली कारो आणि हाउझर या दोघांनी तीन कसोट्या मांडल्या. समोर न जाणणारा असेल तेव्हाच शिकवणारा वेगळं वागला पाहिजे. त्या वागण्यात त्याचा स्वतःचा काहीतरी तोटा झाला पाहिजे, निदान लगेच फायदा तरी होता कामा नये. आणि शिकणारा त्यामुळे लवकर शिकला पाहिजे. मधली कसोटी मला सगळ्यात आवडते. खर्च झाला नसेल तर ते शिकवणं नव्हे! मी चाळीसेक वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केली. या कसोटीवर आमच्यातले किती जण उतरतील ते विचारू नका.

आता बाई. ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबईचा. त्या काळात बाईमाणसानं कॉलेजात शिकून पदवी घेणं म्हणजे किती मोठी गोष्ट, ते तुमच्या पणजीला विचारायला हवं होतं. ताराबाई राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मान मोठा. तिथे असताना त्यांनी भावनगरच्या एका माणसाविषयी ऐकलं. गिजुभाई बधेका. तुमच्या गुजराती दोस्तांच्या घरी विचारा, त्यांचे आजी-आजोबा लगेच ओळखतील. मूळचे वकील. वकिली सोडून लहान पोरांत रमले. मिशा भरघोस आणि माया आईची, म्हणून लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत. दक्षिणामूर्ती बालमंदिर ही त्यांची शाळा, १९२० ची. १९२३ च्या सुमारास ताराबाईंनी राजकोटची जागा सोडली आणि भावनगरला गेल्या. पुढे १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. शिक्षण पत्रिका निघाली, गिजुभाई गुजरातीत काढायचे, ताराबाई मराठीत. म्हणजे मराठी मुलांच्या बालवाडीचं एक मूळ गुजरातेत आहे, हे सुरतेतल्या आपल्यासारख्यांनी तरी विसरू नये.

गिजुभाई आणि ताराबाई दोघंही ज्यांच्यापासून शिकले त्या बाई इटलीच्या, मारिया मॉन्टेसरी. पेशानं डॉक्टर. १९०७ साली रोममध्ये सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं. ते का निघालं, ऐका. मोठमोठ्या इमारतींत मजूर कुटुंबं राहायची. आई-बाप दिवसभर कामावर. शाळेचं वय न झालेली पोरं जिन्यात धुडगूस घालायची, भिंती खराब करायची. मालकांना भिंतींची काळजी, म्हणून त्यांनी एक खोली दिली: पोरांना तिथे सांभाळा. कुठे ऐकल्यासारखं वाटतं ना? जिना, पोरं, कामावर गेलेले आई-बाप, भिंती आणि वैतागलेला मालक. आपल्या बमरोलीत तर मला ही गोष्ट रोज दिसते.

मॉन्टेसरीबाईंचं म्हणणं थोडक्यात असं: मूल हातानं शिकतं. त्याच्या हाताला योग्य वस्तू मिळू द्या, ती पुन्हा पुन्हा हाताळू द्या आणि मधे मधे करू नका. हे खरं की नाही ते बघायला सुगरणीकडे जाऊ.

मी खानदेशातून सुरतेच्या उधन्याला उतरलो, त्या काळी बमरोलीला एवढी वस्ती नव्हती. खाडीकाठच्या बाभळींवर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लोंबायचे. आता खोपे बघायला शहराबाहेर जावं लागतं. आपल्या बहिणाबाईंनी तिच्यावर कविता केली, ती तुम्हाला पाठ आहे. फक्त एक गोष्ट जीवशास्त्र वेगळी सांगतं: खोपा विणतो तो नर. पिवळ्या डोक्याचा, भरपावसात कामाला जुंपलेला कारागीर. गवताच्या किंवा शिंदीच्या पानाच्या कडेला चोचीनं चीर पाडायची आणि उडत उडत पट्टी फाडून आणायची. अशा वीस ते साठ सेंटिमीटरच्या पट्ट्या आणायला पाचशेपर्यंत खेपा. आधी फांदीला गाठ, मग एक कडं, मग त्याच्या एका बाजूला घुमट. साधारण आठ दिवसांत खोपा टोपीच्या आकाराचा होतो आणि काम तिथेच थांबतं.

थांबतं कारण तपासनीस यायची असते. मादी येते, आत शिरते, ओढून बघते. पसंत पडलं तर नर पुढचं विणकाम करतो, खालचं लांब बोळकांडं काढतो. सगळं मिळून अठराएक दिवस. पसंत नाही पडलं तर तो खोपा तसाच अर्धा लोंबत राहतो आणि नर दुसरा सुरू करतो. कापडाचा ताका नापास झाल्यावर कारागिराचं तोंड कसं होतं ते तुम्ही पाहिलंय, तसंच समजा. सालिम अलींनी हे १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला बसून पाहिलं. त्यांना तेव्हा नोकरी नव्हती. झाडाजवळ बसून पाखरांकडे टक लावायला माणूस रिकामा असावा लागतो, सरकारनं हे ध्यानात घ्यावं.

तर नराला विणायला शिकवतं कोण? कुणी नाही. गाठ मारायची ओढ तो जन्मतःच घेऊन येतो. पण ओढ म्हणजे हात नव्हे. कोवळे नर वर्षभर वेडेवाकडे टाके घालत असतात, बिनकामाचे खोपे करतात, पट्ट्या खाली पाडतात. निकोलस आणि एल्सी कोलियास या नवराबायकोनं सुगरणीच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांवर एक प्रयोग केला. काही पिल्लांना लहानपणी विणायला काहीच दिलं नाही. गवत नाही, पट्टी नाही, काही नाही. मोठेपणी त्यांच्यासमोर पट्ट्या ठेवल्या तेव्हा ते गडबडले. ज्यांनी लहानपणी चोच चालवली होती त्यांच्या कितीतरी मागे पडले. जात विणकराची, अवयव विणकराचे, पण सराव नाही, म्हणून खोपा नाही.

म्हणून मी तुमच्या आयांना म्हणतो, पोरानं पिठाच्या गोळ्याचा हत्ती केला तर ओरडू नका. ऐकतं कोण?

मॉन्टेसरीबाईंनी पोरांच्या हाताला देण्यासाठी सुंदर साधनं तयार केली होती. लाकडी ठोकळे, नळकांडी, रंगीत तबकड्या, मण्यांच्या माळा. महाग. मुंबईत परवडतील, खेड्यात नाही. ताराबाईंना हे टोचायला लागलं. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी म्हणजे आपल्या मुंबईच्या रस्त्यावरच. गाडीत बसा, नवसारी, बिलिमोरा, वलसाड, वापी, संजाण, उंबरगाव गेलं की आलंच. घोलवडचे चिकू तुम्ही खाता, त्याच्या शेजारचं गाव. समोर समुद्र.

तिथे त्यांच्याबरोबर काम करायला एक तरुण शिक्षिका आली. अनुताई वाघ. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावची. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा वारला. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं ते मी तुम्हाला आत्ता सांगत नाही, मोठे झाल्यावर वाचा. ही मुलगी शिकली, मास्तरीण झाली आणि पस्तिसाव्या वर्षी ताराबाईंच्या मागे निघाली. पुढची मुंगी आणि मागची मुंगी, ओळखलंत?

समुद्रकिनाऱ्यावर साधनांना काय तोटा? शिंपले, शंख, गोटे, चिंचोके, बिया, पानं. लहान-मोठे लावा. खरखरीत-गुळगुळीत वेगळे करा. हलके-जड हातात तोला. रंगांप्रमाणे मांडा. इटलीच्या ठोकळ्यांचं सगळं काम बोर्डीच्या वाळूत फुकट झालं. आणि मी तर म्हणेन, जास्त चांगलं झालं. ठोकळ्याच्या आत काही नसतं. शंखाच्या आत गोष्ट असते.

तो डबा दे. हा शंख बघा. गोगलगायीच्या जातीचा प्राणी जन्मतो तोच इवल्या शंखासकट. प्राणी वाढतो, शंख पुरेनासा होतो. खेकडा कवच टाकून देतो आणि नवं घेतो, हा तसं करत नाही. हा शंखाच्या तोंडाशी, कडेकडेनं, नवा चुना चढवत जातो. थोडं लांब, थोडं रुंद, त्याच प्रमाणात. म्हणून शंख कितीही मोठा झाला तरी आकार तोच राहतो, फक्त फेरे वाढतात. आता हे टोक बघा, सगळ्यात वरचं. नीट राहिलं असेल तर ते त्याचं बाळपणीचं घर आहे. तेच, मोडलेलं नाही, बदललेलं नाही. सगळं आयुष्य त्याच्यापुढे गुंडाळलेलं. आणखी एक. असे शंख गोळा केलेत तर शेकड्यात नव्वदांहून जास्त एकाच बाजूला वळलेले सापडतील. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर ते उजव्या हाताला येतं. डावा एखादाच. मोजून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

बोर्डीत एक अडचण आली. वस्तीतली गरीब पोरं बालवाडीत येईनात. लाज, भीती, जात, घरची कामं, कारणं पुष्कळ. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा ऐकलंय! ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन ठेवली. पोरांच्याच दारात, पोरांच्याच मातीत. आधी अंघोळ, नखं, केस, मग गाणं, मग खेळ. तुमच्या गल्लीच्या टोकाला रंगवलेल्या भिंतीची अंगणवाडी आहे ना, जिच्यात तुम्ही सगळे जण रडत गेलात आणि हसत आलात? तिचा विचार त्या अंगणातून निघालेला आहे.

१९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. डहाणूजवळ, वारल्यांच्या पाड्यांत. तिथे अडचण आणखी वेगळी होती. मोठी बहीण शाळेत आली तर कडेवरचं तान्हं कुणी बघायचं? म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी बहीण शाळेत, सगळं एकाच आवारात. त्याला विकासवाडी म्हणायचे. आणि जी पोरं गुरं घेऊन रानात जात, त्यांचं काय? गुरं सोडून येणार नाहीत. घरात खायचे वांधे. मग बाईच कुरणात. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसलीत आणि तिथेच आकडे, अक्षरं, गाणी. कुरणशाळा. घंटा नाही, बाक नाही, गाय पळाली की विद्यार्थी गैरहजर.

यात किती वेळ जातो, विचार करा. पक्क्या इमारतीत शंभर पोरं कोंबून पाढे म्हणवून घेतले असते तर आकडे लवकर भरले असते. पाड्यावरच्या चार हुशार पोरांना उचलून शहरातल्या वसतिगृहात टाकलं असतं तर वर्तमानपत्रात फोटो आला असता. तसं करणारेही असतात आणि त्या पोरांचं भलंही होतं, मी नाही म्हणत नाही. पण ती उलट्या तोंडानं पोचतात. मागे पाडा तसाच राहतो, कारण वाट कुणाला दिसलेलीच नसते. ताराबाई आणि अनुताई चौपट हळू चालल्या. टकटक थांबली की थांबायच्या. अठ्ठावीस वर्षं.

कंटाळलात? बरं, मग विंचू.

आफ्रिकेत कलहारी वाळवंटात मीरकॅट नावाचा प्राणी आहे, मुंगसाच्या कुळातला, मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करणारा. त्याचं एक आवडतं खाणं म्हणजे विंचू. पिल्लाला जिवंत विंचू दिला तर पिल्लूच मरेल. मग मोठे काय करतात? अगदी लहान पिल्लाला मेलेला विंचू आणून देतात. जरा मोठं झालं की जिवंत, पण नांगी तोडलेला. आणखी मोठं झालं की जसाच्या तसा. विंचू पळाला तर मोठा त्याला नाकानं परत पिल्लाकडे ढकलतो. स्वतः खात नाही, बघत बसतो. अ‍ॅलेक्स थॉर्नटन आणि कॅथरिन मकॉलिफ यांनी तेही २००६ सालीच छापलं.

मजा पुढे आहे. पिल्लू किती मोठं झालं हे मोठ्यांना कसं कळतं? पिल्लं खाण्यासाठी ओरडतात आणि वयाप्रमाणे आवाज बदलतो. संशोधकांनी लहान पिल्लांच्या कळपाजवळ मोठ्या पिल्लांचा आवाज लाउडस्पीकरवर लावला. झालं! मोठ्यांनी त्या बिचाऱ्या बारक्यांपुढे जिवंत विंचू आणायला सुरुवात केली. म्हणजे ते पिल्लाकडे बघून ठरवत नव्हते, फक्त आवाज ऐकत होते. आता मला मीरकॅटवर हसवत नाही. पहिलीच्या पोराच्या दप्तरात तिसरीचं पुस्तक कोंबणारे आई-बाप काय करतात? शेजारच्यांच्या पोराचा आवाज ऐकून आपल्या पोरापुढे नांगीवाला विंचू ठेवतात. बालवाडी चालवणाऱ्या या दोघींचं सगळं भांडण त्याच्याशी होतं. हे वय नांगीचं नाही, एवढंच त्या सांगत होत्या.

आता हत्ती, आणि मग बाईंकडे परत.

हत्तींच्या कळपाची म्होरकी म्हातारी हत्तीण असते. ताकद कुणातही असो, चालायचं म्हातारीच्या मागे. का? तर तिला आठवतं. टांझानियात तारांगिरे नावाचं जंगल आहे. १९९३ साली तिथे मोठा दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत एक्याऐंशी पिल्लांपैकी सोळा मेली. पण सगळ्या कळपांत सारखी नाही. जे कळप जंगल सोडून लांब पाण्याकडे निघून गेले त्यांची पिल्लं जास्त जगली. जो गट जागचा हलला नाही त्याची सगळ्यात जास्त गेली. पुढे शास्त्रज्ञांनी वयं तपासली. तसाच दुष्काळ तिथे १९५८ ते १९६१ च्या दरम्यान पडला होता. जे कळप निघून गेले त्यांच्यात तो पाहिलेल्या म्हाताऱ्या होत्या. जो थांबला त्याच्यातल्या म्हाताऱ्या हस्तिदंतासाठी आधीच मारल्या गेल्या होत्या. वाट आठवणारं कुणी उरलंच नव्हतं.

मला हे पटतं, कारण १९७२ चा दुष्काळ मी पाहिलाय. खायला लाल मिलो, सुकडी, आई खडी फोडायला जायची. कुठल्या रानात कोणती भाजी न पेरता उगवते हे फक्त माझ्या आजीला ठाऊक होतं. त्या वर्षी घरात तिचा भाव एकदम वाढला.

आणि म्हातारी मरते तेव्हा? २००३ च्या ऑक्टोबरमध्ये केनियात सांबुरूला एलिनॉर नावाची म्होरकी कोसळली. काही मिनिटांत ग्रेस नावाची हत्तीण धावत आली. ती त्या कुटुंबातली नव्हती. तिनं सुळ्यांनी एलिनॉरला उभं केलं. पाय लटपटले, ती पुन्हा पडली. ग्रेस तिला ढकलत राहिली, ओरडत राहिली, अंधार पडला तरी हलली नाही. दुसऱ्या दिवशी एलिनॉर गेली. पुढचा आठवडाभर वेगवेगळ्या पाच कुटुंबांतले हत्ती त्या जागी येऊन गेले. कुणी हुंगलं, कुणी सोंड फिरवली, कुणी पायानं हलवलं, कुणी नुसते उभे राहिले. इयान डग्लस-हॅमिल्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी याची नोंद केली आहे. याला शोक म्हणायचं का? ते लोक जपून बोलतात. मी मास्तर आहे, शास्त्रज्ञ नाही, मी म्हणतो.

ताराबाई गेल्या तेव्हा मी चौथीत होतो. त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. कोसबाडला काय झालं असेल याचं मी चित्र रंगवणार नाही, मी तिथे नव्हतो. एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे की शाळा बंद पडली नाही. म्होरकी गेली की कळप विस्कटतो की चालत राहतो हे तिनं आधी काय केलं होतं यावर असतं. अनुताई अठ्ठावीस वर्षं त्यांच्या मागे टकटक करत चालल्या होत्या. त्यांना वाट पाठ होती. पाळणाघर, बालवाडी, कुरण, पाडे, सगळं त्यांनी पुढे एकोणीस वर्षं चालवलं, १९९२ च्या सप्टेंबरमध्ये त्या स्वतः जाईपर्यंत. लिहिलंही पुष्कळ. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं पुस्तक वाचा. तुमच्यातल्या ज्यांची मराठी कच्ची आहे त्यांना मी वाचून दाखवीन, पण हळू वाचणार, हे आधीच सांगतो.

बाई गेल्यावर दोन वर्षांनी, १९७५ च्या २ ऑक्टोबरला, सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. देशभर अंगणवाड्या निघाल्या. आज त्या लाखांनी आहेत. सगळ्या काही कोसबाड नाहीत. कुठे खोली गळते, कुठे ताईंचं निम्मं आयुष्य रजिस्टरं भरण्यात जातं, मानधन बघितलं तर लाज वाटावी. तरी उडिया, तेलुगू, हिंदी, मराठी, गुजराती, पाच भाषांत रडणारी तीस पोरं एका खोलीत बसवून ज्या ताई त्यांना गाणं म्हणायला लावतात, त्यांची टकटक कुठून कुठून येते बघा. रोमच्या जिन्यापासून भावनगरला, तिथून बोर्डीच्या वाळूत, कोसबाडच्या कुरणात आणि मग बमरोलीच्या गल्लीत.

काय? मागची मुंगी हरवली तर?

चांगलं विचारलंस, हेही त्या ब्रिस्टलवाल्यांनी मोजलंय. त्यांनी मुद्दामच मागची मुंगी उचलून बाजूला केली. टकटक बंद. पुढची तिथेच उभी. आता किती वेळ थांबायचं? तर जोडी नुकतीच निघालेली असेल तर ती थोडाच वेळ थांबते आणि निघून जाते. पण दोघी बरंच अंतर सोबत आलेल्या असतील तर जास्त वेळ थांबते. जितकी शिकवणी झालेली, तितकी वाट बघणं लांब.

नाही, कायम नाही थांबत. तिलाही घरी कामं असतात. चला, उठा आता, खाली दुसरी पाळी सुरू झाली. आणि तो शंखांचा डबा जागेवर ठेवा, डाव्या वळणाचा एकच आहे त्यात.